मूळ बीकानेरात, फळ नागौरात

बीकानेर,
दिवाळीच्या आधीचा रविवार

आदरणीय जीजीबाईसा यांच्या चरणी बुलाकीदास हर्ष याचा सविनय प्रणाम.

फलोदीस आपले गुडघे, साढूजींचा खोकला आणि आपणा उभयतांमध्ये गेली अनेक वर्षे चाललेला पंख्याच्या वेगाविषयीचा तंटा, ही तिन्ही पूर्ववत असतील अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे. साखर वाढलेली नाही आणि वजन घटलेले नाही; यापलीकडे आमच्या वयाच्या माणसाने ‘ठीक’ या शब्दाचा फार खोल अर्थ शोधू नये. हे सर्व मी फोनवर सांगू शकलो असतो. परंतु फोनवर आपण प्रथम मी जेवलो का ते विचारता, आणि ‘जेवलो’ असे म्हणताच समाधान पावून फोन खाली ठेवता. प्रस्तुत विषय ‘जेवलो’ या एका शब्दात मावणारा नाही.

विषय असा की, मतीरा आला. एकच आला, परंतु आला. (बाजारात हल्ली जी गर्द हिरवी, लांबुळकी, कालव्याच्या पाण्यावर फुगलेली कलिंगडे मतीरा म्हणून खपवली जातात, ती नव्हेत. आपल्या मातोश्री माँसांच्या अंगणातला, फिकट पट्ट्यांचा, कोरड्या वाळूत स्वतःचे पाणी स्वतः गोळा करणारा तो मतीरा.) हे मी आपणास केवळ कळविण्यासाठी लिहीत आहे. यात माझी कोणतीही विनंती दडलेली नाही, हे प्रारंभीच स्पष्ट करतो.

आपणास स्मरत असेल की आपली धाकटी बहीण, म्हणजे माझी पत्नी, लग्नात फलोदीहून जे काही घेऊन आली त्यात माँसांच्या मतीऱ्याचे बी होते. दर वर्षी ती घरामागच्या बाड्यात वेल लावी, पहिले चांगले फळ बियाण्यासाठी ठेवी, आणि ते बी राखेत घोळवून मातीच्या मडक्यात भरून ठेवी. आपल्या माहेरी ते वाण केव्हाच संपले, हे आपणच मला सांगितले होते. तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर त्या वाणाचे जे काही होते ते आमच्या कोठीतल्या त्या एका मडक्यात होते. गेल्या वर्षी मतीऱ्याच्या दिवसांतच ती गेली. बाराव्यापर्यंत घरात बायकांची दाटी होती. कोणीतरी (मी कोणाचे नाव घेत नाही, आपण त्या वेळी स्वयंपाकघरात होतात एवढेच नमूद करतो) ते मडके पाहिले, बिया चांगल्या टपोऱ्या आहेत असा निष्कर्ष काढला, आणि रडून रडून थकलेल्या मंडळींना चघळायला काही असावे या उदात्त हेतूने त्या मीठ लावून भाजल्या. त्या मीही खाल्ल्या. चांगल्या लागल्या. पुढे, मडके रिकामे ठेवणे अशुभ, म्हणून त्याच उदार हाताने भेटीस आलेल्यांनी आणलेल्या बाजारी मतीऱ्यांच्या बिया धुऊन, वाळवून त्यात भरून ठेवल्या. मडके भरलेले दिसत असल्यामुळे मी आषाढापर्यंत निश्चिंत होतो. आषाढात आपले पत्र आले तेव्हा कुठे सारा प्रकार कळला. त्या पत्राला मी ‘चिंता नसावी’ असे उत्तर धाडले होते. ते शिष्टाचारास धरून होते, वस्तुस्थितीस धरून नव्हते.

मडके उलटे केले. वरचा सारा माल बाजारी. तळाशी राख चिकटलेल्या थोड्या बिया निघाल्या, तळहाताच्या खळग्यात मावतील इतक्या. राख लागली आहे, म्हणून त्या जुन्या असाव्यात, असा मी तर्क केला. (वरून पडलेली बाजारी बीही राखेत लोळू शकते, हा प्रतिवाद मला तेव्हाच सुचला होता. तो मी काही काळ विचारात न घेण्याचे ठरवले.)

त्यानंतर मी शास्त्रशुद्ध मार्गाने गेलो. शेतीखात्याची पुस्तिका आणली, बिया कोमट पाण्यात भिजवल्या, आळी दोरी लावून एका रेषेत केली. पहिल्या आळ्यातले कोंब मुंग्यांनी नेले. दुसऱ्यातले खारीने नेले. तिसऱ्यावर एक मोर येऊन उभा राहिला, आणि राष्ट्रीय पक्षी असल्यामुळे त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे हे मला ठरवता येईपर्यंत त्याने आपले काम उरकले. आपली बहीण अशा वेळी पितळी थाळी वाजवीत असे. मी थाळी शोधून आणली तेव्हा बाड्यात मोर नव्हता आणि कोंबही नव्हते. उरला एकच वेल, तोही मी न पेरलेल्या जागी, दोरीच्या बाहेर, जिथे भिजवणीचे पाणी फेकले होते तिथे.

हा वेल कोणत्याही नियमास जुमानणारा नव्हता. मी त्यास पूर्वेकडे वळवावे, त्याने पश्चिमेकडे जावे. पश्चिमेस सारडाजींची भिंत. ज्येष्ठातल्या आंधीने या वर्षी आमच्या बाजूस इतकी वाळू आणून ओतली आहे की भिंतीचा माथा तेवढा जमिनीतून डोकावतो. पलीकडे उतरायला शिडी लागत नाही, संकोच सोडावा लागतो. वेलास संकोच नव्हता.

पूनमचंद सारडाजी वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे नागौरचे गृहस्थ. त्यांच्या पत्नी सुवादेवी यांच्या बाड्यात कडू वृंदावनाचे रान आहे. त्या फळांत ओवा भरून त्या पोटदुखीचे औषध करतात आणि साऱ्या गल्लीस सक्तीने पाजतात. पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे की, माशीने कडू वृंदावनाचा पराग मतीऱ्याच्या फुलात नेला तर यंदाचे फळ गोड निघेल, परंतु त्याचे बी बाटेल आणि पुढील पिढी विषासमान होईल. तेव्हा मादी फुलाचे तोंड आदल्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधून, सकाळी स्वहस्ते नर फुलाशी त्याचा संयोग घडवून, पुन्हा बांधून ठेवणे भाग होते. घरात दोरा एकच सापडला, पूजेतला लाल-पिवळा. जीजीबाईसा, इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकाने भिंतीच्या माथ्यावर उकिडवे बसून, एका हातात नर फूल धरून दुसऱ्यास मंगलसूत्राप्रमाणे दोरा बांधणे, हे दृश्य कोणी पाहू नये अशीच माझी इच्छा होती. सुवादेवींनी ते पाहिले.

“प्रोफेसरसा, लग्न लावताय? आणि एकटेच? गाणी कोण म्हणणार?”

मी म्हणालो की ही वनस्पतिशास्त्रीय क्रिया आहे.

“असेल. पण दोरा बांधलाय ना? मग गाणं हवंच.” असे म्हणून त्यांनी तिथेच, चुलीतली राख हाताला लागलेली असताना, नवरीच्या पाठवणीचे गाणे सुरू केले आणि शेवटपर्यंत म्हटले. मी मान खाली घालून फूल बांधीत राहिलो. संयोग यशस्वी झाला, एवढेच येथे सांगणे पुरेसे आहे.

पाकळ्या गळाल्या, मागे सुपारीएवढे फळ धरले, सुपारीचे लिंबू झाले, लिंबाचे नारळ झाले. आणि एके सकाळी सारडाजी भिंतीपाशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नागौरच्या माणसाच्या चेहऱ्यावर यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

“हर्षसा, मूळ तुमच्याकडे, फळ आमच्याकडे. असंच काहीतरी पूर्वी एकदा झालं होतं ना? तुम्हीच शिकवायचात.”

मी खरोखरच शिकवीत असे. बीकानेरच्या हद्दीत वेल, नागौरच्या हद्दीत फळ, आणि त्या एका मतीऱ्यापायी दोन्ही राज्यांची सैन्ये एकमेकांवर तुटून पडली, ही सोळाशे चव्वेचाळीसची कथा मी प्रत्येक नव्या वर्गास मानवी मूर्खपणाचे परमोच्च उदाहरण म्हणून सांगितली आहे. वर्ग हसे. मीही माफक हसत असे. आता मी त्याच भिंतीवर उभा राहून, शांत आवाजात, परंतु पाय किंचित आपटून म्हणालो, “त्या लढाईत बीकानेर जिंकले होते, सारडाजी.”

“जिंकलं असेल. पण मतीरा कोणी खाल्ला?”

वस्तुतः मी जे जे वाचले त्यात कोण लढला, कोण पडला, कोणाचे निशाण पुढे होते, हे सर्व आहे. मतीरा कोणी खाल्ला हे कोठेही नाही.

“बघा,” सारडाजी म्हणाले, “म्हणजे आमच्याच कोणीतरी खाल्ला. तुम्ही तिकडे जिंकत होतात ना!”

प्रकरण संध्याकाळपर्यंत जुन्या शहरातल्या चौकातल्या पाट्यावर, म्हणजे गप्पांच्या सार्वजनिक चौथऱ्यावर, पोचले. (कसे पोचले ते विचारू नये. बीकानेरात बातमी पायाने जात नाही.) त्या लाकडी पाट्यावर छोगा महाराज नेहमीप्रमाणे मांडी ठोकून बसले होते आणि भोवती नेहमीचे बिनकामाचे विद्वान होते. मला पाहताच महाराज म्हणाले, “या प्रोफेसर, सैन्य किती काढताय ते सांगा, तेवढ्या कचोऱ्या मागवतो.” मी मालमत्तेचे तत्त्व मांडले. सारडाजींनी जमिनीचे तत्त्व मांडले. मी म्हणालो, वेलाला पाणी मी घातले. ते म्हणाले, फळाला ऊन लागू नये म्हणून दुपारी ओली ओढणी माझी बायको घालते, ओढणी कोणाची? पाट्याने दोन्ही पक्षांच्या कचोऱ्या खाल्ल्या आणि निकाल राखून ठेवला.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मला गराची अभिलाषा नव्हती. डॉक्टरांनी गोड वर्ज्य केल्याला इतकी वर्षे झाली की मतीऱ्याची चव मला आता आठवतही नाही. मला केवळ बी हवे होते. परंतु हे मी सारडाजींना सांगितले नाही, पाट्यालाही सांगितले नाही. ‘बी का हवे?’ हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचे उत्तर चारचौघांत देण्याजोगे नव्हते. हद्द, हक्क आणि सोळाशे चव्वेचाळीस यांविषयी मात्र कितीही वेळ बोलता येत होते.

तशात परवा भर दुपारी सारडाजींच्या बाड्याचे फाटक उघडे राहिले आणि गल्लीतला मोकाट वळू आत शिरला. सुवादेवींची हाक ऐकून मी भिंतीपाशी धावलो. तो सावकाश, निमंत्रित पाहुण्यासारखा, थेट ओढणीकडे चालला होता. त्यापुढील घटनाक्रम मी स्वतःच्या वर्तनाचे समर्थन न करता सांगतो. मी भिंतीवरून उडी मारली. (धोतराचा एक भाग अद्याप भिंतीवर आहे.) हातात छत्री होती, ती मी वळूच्या तोंडासमोर फाडकन उघडली. वळू थबकला, परंतु घाबरून नव्हे, छत्री पाहण्यासाठी. तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूने सारडाजी झेपावले आणि मार्कंडेयाने पिंडीस मारावी तशी मतीऱ्यास मिठी मारून पालथे पडले. “आधी मला खा रे!” असे ते ओरडत होते. वळूने एकदा त्यांना हुंगले, ते त्याच्या योग्यतेचे नाहीत असे ठरवले, एक ढुशी देऊन त्यांना शेजारच्या बोरीच्या काट्यांत लोटले, आणि मग सुवादेवींनी वाळत घातलेल्या मुगाच्या वड्या निवांतपणे खाऊन, त्यांच्या लाटण्याचे दोन तडाखे प्रसादासारखे पाठीवर घेऊन, आल्या वाटेने निघून गेला. मतीऱ्यास ओरखडाही नव्हता.

सारडाजींना ओट्यावर पालथे निजवले. सुवादेवी सुईने काटे काढू लागल्या आणि मी दिवा जवळ धरावा तशी छत्री धरून बसलो, ती मिटायची असते याचे मला भान राहिले नव्हते. सारडाजी उशीत तोंड खुपसूनच म्हणाले, “हर्षसा, खरं सांगा. बाजारात पैशाला पासरी मतीरे पडलेत. या एकात आहे तरी काय?”

माझ्याजवळ हद्दीचे उत्तर तयार होते, वनस्पतिशास्त्राचेही होते. त्यांऐवजी माझ्या तोंडून निघाले, “तीजाचं बी आहे.”

गेल्या वर्षापासून हे नाव मी मोठ्याने उच्चारले नव्हते. (आपणास लिहितानाही ‘आपली बहीण’ असेच लिहीत आलो आहे, वर पाहावे.) सुवादेवींचा हात जिथे होता तिथेच थांबला.

“अगं, थांबायचं तर सुई बाहेर काढून थांब!” सारडाजी किंचाळले. सुवादेवींनी सुई बाहेर काढली. तेव्हा तेच म्हणाले, “मग इतके दिवस मला इतिहास कशाला शिकवलात? पहिल्याच दिवशी एवढं सांगितलं असतंत तर…”

“तर फळ सोडले असते?”

“छे! फळ माझंच म्हटलं असतं. पण राखण मनापासून केली असती.”

“एवढे काटे टोचून घेतलेत ते काय वरवर?” सुवादेवींनी विचारले.

“ते नागौरच्या इज्जतीसाठी,” सारडाजी म्हणाले, “तू काटे काढ.”

तह तेथेच झाला. गर अर्धा-अर्धा, बी सर्व बीकानेरचे. मोबदल्यात सारडाजींना नागौरच्या नातलगांत विजय नागौरचाच झाला असे सांगण्याची पूर्ण मुभा. पुढील वर्षी त्यांच्या बाड्यात वेल लावायचा आणि तो आमच्याकडे येतो का ते पाहायचे, असेही ठरले. कडू वृंदावन उपटण्याची माझी मागणी मात्र सुवादेवींनी एका शब्दात फेटाळली.

काल देठाजवळचा तणावा वाळला, आणि आम्ही मतीरा तोडला. सारडाजींनी तो दोन्ही हातांत तोलून वजन सांगितले. मी काटा आणू म्हणालो, तर त्यांनी साफ नकार दिला. काट्याने वेगळे सांगितले तर काट्यावर कारवाई करावी लागेल म्हणाले. मग त्यांनी तो डोक्यावर घेतला, सुवादेवींनी ओवाळला, आणि आम्ही पाट्यापर्यंत गेलो. मी पुढे, छत्रीसह. ज्या चौकातून मी आयुष्यभर मान सरळ ठेवून, कोणाकडे न पाहता गेलो, त्या चौकात लोक उठून उभे राहिले. छोगा महाराजांनी राखून ठेवलेला निकाल जाहीर केला, तो असा की, अशी लढाई पुन्हा दोन-तीनशे वर्षांत व्हायची नाही, तेव्हा कचोऱ्या आणखी मागवाव्यात. जीजीबाईसा, माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभात हार, नारळ आणि तीन भाषणे झाली होती. त्या दिवशी मला काही वाटले नव्हते. काल वाटले.

येथवर सर्व यथास्थित आहे. साढूजींना माझा नमस्कार सांगावा. पंख्याच्या प्रश्नी माझे मत पूर्वीप्रमाणेच आपल्या बाजूचे आहे; ते त्यांना कळवू नये.

आपला आज्ञाधारक,
बुलाकीदास हर्ष

ता. क. – यात कोणतीही विनंती दडलेली नाही, असे मी आरंभी म्हटले. ते विधान पुनर्विचारास पात्र आहे. राखेचा तो प्रतिवाद मी इतके दिवस दूर ठेवला होता. काल रात्रीपासून तो माझ्यासमोर बसला आहे. हा मतीरा माँसांच्या वाणाचा आहे, की भेटीस आलेल्या कोणा व्याह्याने आणलेल्या बाजारी फळाचा, हे मला कळण्याचा मार्ग नाही. फिकट पट्टे बाजारातल्या काही देशी मतीऱ्यांवरही असतात; बाहेरून दोन्ही सारखे. मी चव ओळखू शकत नाही. ती चव जाणणारी जीभ जगात आता एकच उरली आहे, ती आपली. तेव्हा मतीरा मी कापलेला नाही. सारडाजींची खोली थंड आहे, तेथे गव्हाच्या कोठीशेजारी ठेवला आहे. आपण दिवाळीस यावे आणि पहिला घास आपण घेऊन निर्णय द्यावा, ही विनंती. निर्णय प्रतिकूल असला तरी तो मी नीट ऐकून घेईन.

ता. क. २ – फलोदीहून सकाळची बस घ्यावी. गुडघ्यांसाठी पुढची जागा मागावी. मागून मिळाली नाही तर माझे नाव सांगावे. उपयोग होणार नाही, परंतु सांगावे.

ता. क. ३ – पाकीट चिकटवण्यास डिंक शोधीत असता सुवादेवी झाकलेली थाळी घेऊन आल्या. म्हणाल्या, “प्रोफेसरसा, रागवू नका. फळ खायला असतं, पहारा द्यायला नाही.” मतीऱ्याच्या कुशीतून त्यांनी बोटभर त्रिकोणी टवका काढला होता आणि तो मला विचारण्यापूर्वीच खाल्ला होता. मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, “दर वर्षी पहिली फाक तीजाबाई भिंतीवरून मलाच द्यायच्या. तुम्ही कॉलेजात असायचात. ही चव मला झोपेतही कळेल. तोच आहे. त्यांचाच आहे.” आणि पदर डोळ्यांना लावून, थाळी तशीच ठेवून निघून गेल्या.

तेव्हा वाण वाचले आहे. जगात एकच जीभ उरली आहे हे माझे वरील विधान चुकीचे ठरले असून, आपणास बोलावण्याचे जे एकमेव सयुक्तिक कारण मी दिले होते, तेही आता राहिलेले नाही.

तरी यावे.